'निम' आणि माझी तीन बोटं

मुलांनो,

माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं सध्या बधिर आहेत. सोमवारी यवतमाळला मनगटाचं छोटं ऑपरेशन आहे. मग काही दिवस हात बांधलेला असेल आणि औषधांनी डोकं जड. म्हणून हे आजच, डाव्या हाताने टाइप करते आहे.

तपासताना डॉक्टर इंग्रजीत 'नम्', म्हणजे बधिर, म्हणाले आणि मला कॉलेजात शिकलेलं एक मेलेलं क्रियापद आठवलं. 'निम', म्हणजे घेणे. जुने इंग्रज हेच वापरत. तुम्ही तिकडे जर्मनीत रोज जे 'नेमेन' म्हणता, ते याचंच सख्खं भावंड. पुढे समुद्रापलीकडून, उत्तरेकडून आलेल्या लोकांनी 'टेक' आणलं आणि पाहुण्याने घरच बळकावलं. 'निम' बिचारं शेवटी 'चोरणे' एवढ्याच अर्थाला उरलं, मग तेही गेलं. 'नम्' म्हणजे मुळात 'घेतलेला', ज्याची जाणीव कुणीतरी काढून नेली असा. स्पेलिंगच्या शेवटचा 'बी' मागाहून उगाच चिकटला.

तर माझी तीन बोटं अशी कुणीतरी नेलेली, आणि काल नेमकं सीतादही! वेचणी सुरू करताना दिग्रसजवळच्या आपल्या शेतात कपाशीला दहीभात दाखवतात आणि घरातली मोठी बाई पहिलं बोंड वेचते. तुमच्या पणजीनंतर, म्हणजे माझ्या सासूबाईंनंतर, तो मान माझा. त्याच कापसाच्या वाती दरवर्षी तुम्हाला येतात. यंदा तो मान जातो की काय, याच धास्तीत मी शेतात उभी होते.

चिमटीत कापूस आला की नाही, हेच कळेना. अर्धा बोंडातच राहिला. वेचायला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

माझी धाकटी जाऊ म्हणाली, "बाई, कापूस वेचून राह्यल्या का त्याले गुदगुल्या करून राह्यल्या?"

"मग तू वेच."

"मी कायले? तुमचा डावा हात काय माहेरी गेला?"

"पूजेचं काम डाव्या हाताने?"

"मंग करंगयी लावा. थे त जागी हाय ना?"

करंगळी जागी होती खरी. ती आणि शेजारची अनामिका, दोघींच्या चिमटीत धरून ओढलं, तर अख्खं बोंड रिकामं! वाळक्या बोंडाचं टोक करंगळीत असं घुसलं की मी "आई गं" ओरडले. बायांनी टाळ्या वाजवल्या. इंग्रजीत चपळाला 'निंबल' म्हणतात, तोही 'निम'च्याच घरचा, पटकन घेणारा. काल तो शब्द माझ्यासाठी वापरायला कुणाची हरकत नसावी.

संध्याकाळी तळहातांवर वाती वळल्या. थोड्या जाड झाल्यात, चालवून घ्या. बोटांची जाणीव किती परत येईल, ते डॉक्टरांनाही आत्ता सांगता येत नाही.

'निम' आता कुणी बोलत नाही. 'नम्' आणि 'निंबल' आहेत, तुमच्याकडे 'नेमेन' आहे, आणि पहिलं बोंड अजून मीच वेचते.