पुन्हा एक डाग दिसतोय, काका

मी लिहायला बसावं एवढी माझी लायकी नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेतल्या निबंधापलीकडे काही लिहिलेलं नाही. म्हणून आधीच माफी मागतो. पण ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही — आईलासुद्धा नाही.

नवापूरकडून बडोद्याला बीएस्सीला आलो. सयाजीगंजच्या हॉस्टेलात जागा मिळाली नाही, म्हणून एका मराठी घरात वरची खोली भाड्याने घेतली. घरमालक काका रिफायनरीतून निवृत्त झालेले, मुलगा परदेशात. त्यांना उतारवयात नाद लागला तो समुद्रातल्या माशांचा. हॉलमध्ये मोठी काचेची टाकी, खारं पाणी, खडक, वर लख्ख दिवा. अलकापुरीतल्या दुकानातून तीन मासे आणले आणि सरळ टाकीत सोडले. तीच चूक झाली. थोड्याच दिवसांत माशांच्या अंगावर पांढरे डाग आले, बारीक मीठ भुरभुरल्यासारखे. दोन मेले. एक उरला — पिवळाधमक, बशीसारखा चपटा.

दुकानदाराने सांगितलं, याला वेगळ्या टाकीत ठेवून औषध द्या. तोवर मोठ्या टाकीत एकही मासा नको, म्हणजे तिथला रोग उपाशी मरेल. डाग गेल्यावरही महिनाभर लक्ष ठेवा. मध्येच एक जरी दिसला, तरी महिना पुन्हा पहिल्यापासून.

ती छोटी टाकी माझ्या खोलीत आली. "तू सायन्सवाला ने? मग डॉक्टर तूच," काका म्हणाले. इथल्या मराठीत गुजराती मिसळलेली, 'ना'चं 'ने' होतं.

तुम्ही कधी अशा गावात राहिलात का, जिथे दिवसभर तुमचं नाव कुणी घेत नाही? वर्गात इंग्रजी, कँटीनमध्ये गुजराती. मला दोन्ही समजायचं, पण बोलायला तोंड उघडेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. खोलीत आलो की तो मासा लपायला ठेवलेल्या प्लास्टिकच्या पाइपातून बाहेर येऊन काचेशी थांबायचा. मी त्याच्याशी आमच्या घरच्या अहिराणीत बोलायचो — काय करी राहिना रे भो? काय करतोयस, भाऊ? हसू नका. म्हणजे, हसलात तरी चालेल.

आणि त्याच्यामुळे काका यायचे. रोज संध्याकाळी चहा झाला की कठडा धरत जिना चढायचे, माझ्या खाटेवर टेकायचे. "काय डॉक्टर, पेशंट कसा आहे? हजी डाग आहेत?" हजी म्हणजे अजून. मग माझ्या घरची चौकशी. बाबांचा टेम्पो दुरुस्त झाला का, बहिणीची दहावी कशी चाललीय. त्यांना सगळं लक्षात असायचं.

त्यांना स्वतःला डाग दिसत नसत. काचबिंदू होता. उजवा डोळा गेलेला, डाव्याने नळीतून पाहावं एवढंच दिसायचं. माझ्या खोलीतल्या मिणमिणत्या दिव्यात तर पिवळं काहीतरी हललेलं कळायचं, तेवढंच. डाग आहेत की नाहीत, हे मी सांगेन ते खरं.

डाग गेले होते. औषधाने केव्हाच गेले होते, पुढचा महिनाही सरत आला होता. मासा ठणठणीत होता, शेवाळाचा तुकडा हातातून ओढून खायचा. आता त्याला खाली न्यायचं — आणि मग? मग काकांनी जिना कशाला चढायचा?

"पुन्हा एक डाग दिसतोय, काका," मी म्हणालो. "शेपटीजवळ."

"अरेरे. चालेल, चालेल. घाई नको करायला."

एवढंच असतं तर... नाही, एवढंच असतं तरी ते खोटंच होतं. पण पुढचं जास्त वाईट आहे. काकूंचे गुडघे दुखायचे, त्या वर कधी येत नसत. एकदा त्यांनी मला जिन्याखाली थांबवलं. हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टरांनी डाव्या डोळ्याचाही फार दिवस भरवसा धरू नका म्हटलंय. हे मला म्हणतात, तो मासा हॉलमधल्या त्या लख्ख दिव्याखाली फिरताना एकदा नीट बघू दे, मग काय व्हायचं ते होवो. होईल ने रे लवकर बरा?"

मी 'हो' म्हणालो. आणि त्याच संध्याकाळी काका वर आले तेव्हा आणखी एक डाग दाखवला. बोट ठेवून दाखवला — नसलेला डाग, ज्याला दिसत नाही अशा माणसाला! ते काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिले. तेव्हाही मला सांगता आलं असतं. मी फक्त दिवा थोडा जवळ धरला.

परीक्षा संपल्यावर मी घरी निघालो. निघताना दारातच सांगितलं, आता एकही डाग नाही, सोडा टाकीत. "थांब ने जरा, तुझ्या हातानेच सोडू," काका म्हणाले. मी गाडीची वेळ सांगितली. गाडीला भरपूर वेळ होता.

सुट्टीत काकूंचा फोन आला. मासा छान आहे, म्हणाल्या. दुकानातला माणूस येऊन टाकीत सोडून गेला, सगळीकडे फिरतो, मुठीएवढा झालाय. काका कसे आहेत, मी विचारलं. त्या म्हणाल्या, काकांना आता फक्त उजेड कळतो. मासा सोडला तेव्हाच नीटसं दिसलं नव्हतं, पण त्या माणसासमोर बोलले नाहीत. रोज टाकीपुढे खुर्ची घेऊन बसतात आणि विचारतात, आता कुठे आहे? काकू भाजी निवडता निवडता सांगतात — खडकामागे गेला, वर आला.

"सगळ्यांना तुझं नाव घेऊन सांगतात हं," काकू म्हणाल्या, "प्रमोदने घाई केली नाही, म्हणून मासा वाचला."