सरांच्या काळ्या कांड्या

आमचे रसायनशास्त्राचे बिराजदार सर कुणाच्याही घरी गेले की टेकायच्या आधी विचारायचे, "टॉर्चचे जुने सेल हायत का?" चहा येईपर्यंत सेल फोडून आतली कार्बनची काळी कांडी काढायची आणि रुमालात गुंडाळायची. लातुरातल्या आमच्या गल्लीनं त्यांना वेडं ठरवून टाकलं होतं. आम्हा बारावीच्या मुलींचा मात्र त्यांच्यावर भारी जीव.

जिल्हा नवा झाला होता, पाट्या रंगल्या होत्या, नळ मात्र कोरडेठाक. पाणीच नाही म्हणून कॉलेजनं प्रयोगशाळेला कुलूप घातलं. हे कळताच उदगीरहून माझे अप्पा आले. आडतीचं दुकान चालवणारा रोखठोक माणूस. "प्रयोगच न्हाईत तर मावशीकडं राहून काय करायलीस? चल गावाकडं. पाहुणे बघायला येणार हायत." मला शिकायचं होतं हो! पण अप्पांपुढं तोंड उघडेल तर शपथ. नुसती रडत बसले.

सरांना कळलं तसे ते मावशीच्या दारात हात जोडून हजर. "शरणार्थ, अप्पा. उद्याचा दिवस थांबा. बिनपाण्याचा प्रयोग दाखवतो. पटला न्हाई तर न्या पोरीला."

ओळखीच्या सोनाराच्या अंगणात भट्टी पेटली. सोनं वितळवायच्या मुशीत मीठ, मिठात दोन काळ्या कांड्या, त्यांना ट्रकची बॅटरी आणि मधे एक बल्ब जोडलेला. बल्ब काही लागेना. अप्पा उठायला लागले.

"बसा हो. सोडियम अन् क्लोरीननं एकमेकाला लई घट्ट धरलंय, म्हणून वीज पुढं जात न्हाई. पाण्यात लगेच सुटले असते, पण मग वीज सोडली की पाण्यातला हायड्रोजनच पुढं घुसतो, सोडियम हाती लागत न्हाई. म्हणून वितळवायचं."

सोनारानं भाता मारला. मीठ तडतडलं, लाल झालं, तुपासारखं पातळ झालं आणि बल्ब लागला. क्लोरीनच्या उग्र वासानं आम्ही मुली ओढण्या नाकाला लावून मागं सरलो. अप्पा तेवढे पुढं झाले.

"अन् ते सोडियम कुठाय?"

"निघंल तसं हवेत जळून जातंय. ते धरायला मोठी सोय लागती, अप्पा. मला न्हाई जमली. ही शिकली तर हिला जमंल."

अप्पा उठले. संध्याकाळच्या गाडीनं एकटेच उदगीरला गेले. पुढच्या खेपेला आले ते पिशवी घेऊन. आडत बाजारातल्या दुकानादुकानातून गोळा केलेले जुने सेल. मग ते दर खेपेचंच झालं.

कित्येक वर्षांनी सर गेल्याचं मला फोनवर अप्पांनीच सांगितलं. म्हणाले, "पिशवी भरून ठेवलीय गं. आता कुणाला देऊ?"

"मला द्या, अप्पा," मी म्हणाले. "माझ्या वर्गाला लागतात."