बारवेबाहेरची शिळा

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. बंद असला की परभणीहून सोनपेठची एसटी सुटायची नाही आणि आमचं काम लांबायचं. जुन्या वास्तूंची दुरुस्ती करणाऱ्या खात्यात मी नवा होतो आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. सोनपेठजवळच्या एका गावची बारव, म्हणजे पायऱ्यांची दगडी विहीर, हे माझं पहिलं स्वतंत्र काम.

नियम सोपा होता: मूळ बांधकाम ठेवायचं, मागाहून आलेलं काढायचं. बारवेच्या तोंडापासून चार पावलांवर एक ओबडधोबड शिळा होती. घागरी टेकून टेकून तिच्यावर दोन खळगे पडले होते. त्या खळग्यांची खोलीसुद्धा मी मोजली, वहीत उतरवली आणि पुढे शेरा मारला, 'नंतरची. काढावी.' गवंड्यांनी शिळा फोडून रस्त्याच्या भरावात टाकली. सरपंच म्हणाले, "आता लय सोभा आली." मीही खूश झालो.

काम संपायच्या दिवशी दलित वस्तीतली एक म्हातारी नातीचा हात धरून आली. मोकळ्या जागेकडे बघत राहिली.

"सायेब, हितला दगड कुटं गेला?"

"काढला, आजी. तो बारवेचा नव्हता."

"बारवंचा न्हवताच. आमचा व्हता. आमाला आत उतरू देत न्हवते. त्या दगडावर घागर ठिवून उभं ऱ्हायचं. कुनाला दया आली तर वरून पानी वतायचे. ही पोरगी म्हनायलीय, आजी, असं कुटं असतंय का! म्हनून दावाया आनली."

मला आधी तिचाच राग आला. इतके दिवस काम चालू होतं, सांगायचं तरी! मग लक्षात आलं, की मी तरी कुठे विचारलं होतं? खळग्यांची खोली मोजली, पण ते कुणाच्या घागरींनी पडले हे विचारलं नाही. फार लाज वाटली.

वहीत मापं होती. गवंड्याकडून चुना घेतला आणि जमिनीवर शिळेचा आकार आखला, आत खळग्यांची दोन वर्तुळं काढली. नात जाऊन मधोमध उभी राहिली.

"आजी, किती येळ उभं ऱ्हायचं?"

"कुनी येईस्तवर," म्हातारी म्हणाली.

पोरगी तशीच उभी राहिली.