बिनमिठाची माती

जगात काही वाया जातं, हे आमच्या थोरल्या साडूंना आयुष्यात कुणी पटवून देऊ शकलं नाही. उदगीरला जीवशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि गावाबाहेरच्या दोन एकरांत रमले. शिकवणं मात्र सुटलं नाही. ताटात भाकरी पडली की म्हणत, "हे नुसतं ऊन हाय. ज्वारीनं धरलं, आता तुम्ही खायलात. ऊन एकदा सरलं की परत न्हाई. माती मात्र फिरून फिरून येते, तिला अडवू नका." पंगत उठली की पाहुणे आहेराकडे वळत आणि साडू उष्ट्या पत्रावळींकडे. पुतणीच्या लग्नात तर त्यांनी नवऱ्याकडच्या जीपच्या टपावर पत्रावळींची दोन पोती चढवली. शेत वाटेवरच होतं म्हणे. कापलेले केस ते रुमालात बांधून घरी आणत. न्हाव्यानं एकदा भीत भीत विचारलं, "सर, करणी-बिरणी तर न्हाई ना?" साडू म्हणाले, "अरे, माझ्या तुरीनं दिलेले केस हायत. तिचे तिला देतो." त्यानंतर त्या दुकानात त्यांना कधी थांबावं लागलं नाही.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात आणि खड्ड्यात विभूतीबरोबर मीठही घालतात. जाळत नाहीत याचा साडूंना कोण अभिमान. मिठाचा तितकाच राग. "मिठात गांडूळ येतं का? मला काय लोणच्यावानी मुरवायचं हाय?" एका दुपारी बांधावर बसून त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं, की त्यांच्या अंगावर मीठ पडू द्यायचं नाही. मी पुस्तकात डोकं घालून बसणारा माणूस. 'हो' म्हणालो, कारण वाद घालणं मला त्याहून अवघड जातं.

गेल्या श्रावणात साडू गेले. त्याच शेतात खड्डा खणला आणि काठावर मिठाचं पोतं आलंच. मी पुढे होऊन म्हणालो, "त्यांची इच्छा होती, मीठ नको."

"गप बसा पाव्हणं," त्यांचा धाकटा भाऊ म्हणाला. "बिनमिठाचं कोण पुरतं? लोक काय म्हणतील?"

मी मागे सरलो. तेवढ्यात अक्का, म्हणजे साडूंची बायको, माझ्या पत्नीची थोरली बहीण, सावकाश आली आणि त्या पोत्यावर बसली.

"वैनी, उठा. मीठ घालायचंय."

"पाय गळून गेलेत माझे. बसू द्या जरा."

नवऱ्याच्या मातीला आलेल्या बाईला कोण उठवणार? विधी करणाऱ्या जंगमस्वामींनी तिच्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं आणि विभूती, बेलपत्र वाहून मंत्र सुरू केले. खड्डा बुजल्यावरच अक्का उठली.

परतताना मी म्हणालो, "अक्का, माझ्याच्यानं झालं नाही."

"त्यांना ठाऊकच हुतं. म्हणून मलाबी सांगून ठेवलं हुतं."

थोडं चालून ती बांधावर थांबली. पदर सावरत, जणू मलाच विचारावं तसं म्हणाली, "समदं सांगून गेले. उद्यापासून चहाला दूध किती घ्यायचं, ते तेवढं न्हाई सांगितलं."