चष्म्याच्या दुकानातली ऑपरेटिंग सिस्टीम

पनवेलच्या ऑफिसात आम्ही सहाजण पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर लिहायचो. बारा वर्षं तेच करून मी स्वतःला बऱ्यापैकी हुशार समजू लागले होते. मग एका लॅबनं आमचं काम तपासायला ऑडिटर पाठवली, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तिनं चहा नाकारला, लॅपटॉप उघडला आणि अर्ध्या तासात विचारलं, "तुमचा प्रोग्रॅम रूट म्हणून का चालतो?"

रूट म्हणजे मशीनवरचा सर्वाधिकारी. त्याला कुणीच अडवत नाही.

"तसं केलं की एरर येत नाहीत," मी खरं ते सांगितलं. तिनं ते वाक्य जसंच्या तसं रिपोर्टात टाकलं.

साहेबांनी रिपोर्ट वाचला, म्हणजे शेवटचं पान वाचलं, आणि मला फर्मावलं, "ऑपरेटिंग सिस्टीमची सिक्युरिटी शिकून घे. नेटवर सगळं असतं."

सगळं असतं, हीच तर भानगड होती. रोडपालीच्या घरी बसून मी छत्तीस पीडीएफ उतरवून घेतल्या. एक व्हिडिओ कोर्स लावला. त्यातला उत्साही माणूस पहिले चार तास सुरक्षा किती महत्त्वाची हेच सांगत होता आणि दर धड्यात कुलपाचं चित्र दाखवत होता. कुलूप मला माहीत होतं. एक जाडजूड पुस्तकही मागवलं. त्याची प्रस्तावना मी दोनदा वाचली. मग खिडकी वाऱ्यानं आपटू नये म्हणून नवऱ्यानं ते तिथं लावलं.

या अभ्यासाचा पहिला ठोस परिणाम म्हणजे माझा चष्म्याचा नंबर वाढला.

बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात फ्रेम बघत होते, तर काउंटरवरचे चाचा माझ्या हातातल्या प्रिंटआउटकडेच बघत होते.

"बेटा, हे काय वाचतेस?"

"लिनक्सची सिक्युरिटी. आमच्या सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टीम."

चाचा खो खो हसले. आखातात एका कंपनीचे सर्व्हर त्यांनी बावीस वर्षं सांभाळले होते. परत आल्यापासून भावाच्या या दुकानात बसत होते. "हे वाचून नाय येत," ते म्हणाले. "आतापर्यंत एखादं मशीन मोडलंस?"

"नाही."

"मग शिकलीस काय?"

मला राग आला. फ्रेमची ऑर्डर देऊन मी तडक निघाले.

चौथ्या दिवशी मोडलं. ऑफिसच्या टेस्ट सर्व्हरवर सगळ्यांचं काम होतं. त्यावरचं आमच्या प्रोग्रॅमचं फोल्डर कुणालाही उघडता यायचं, म्हणून मी त्याच्या परवानग्या आवळायला घेतल्या. कमांडमध्ये तिरप्या रेघेच्या आधी एक टिंब द्यायचं राहिलं, आणि 'या फोल्डरपासून खाली'चं 'अख्ख्या मशीनवर' झालं. मी अर्थातच रूट होते. अडवणार कोण?

एंटर दाबल्यावर काम जरा जास्तच वेळ चाललंय असं वाटलं. मग शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "माझं लॉगिन होत नाहीये." मग पलीकडच्या. मशीनवरच्या एकाही प्रोग्रॅमला चालायची परवानगी उरली नव्हती. परवानग्या परत देणाऱ्या कमांडलासुद्धा नाही. इतकी सुरक्षित सिस्टीम त्या ऑडिटरनंही पाहिली नसेल.

पर्समध्ये चष्म्याची पावती होती, तिच्यावरच्या नंबरवर दुकानात फोन लावला. शुक्रवार होता. चाचा नमाजहून परतले आणि तसेच रिक्षात बसून आले, खिशात पेनड्राइव्ह घेऊन. त्यावरून त्यांनी मशीन चालू केलं, आमचं सगळं काम बाजूला काढलं आणि म्हणाले, "आता सिस्टीम नव्यानं टाक. परवानग्या एकेक करून परत लावत बसू नकोस. कुठं चुकलं ते कळायचंपण नाय."

"हे कोण?" साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं.

"चष्मेवाले."

साहेब चाचांसाठी चहा सांगायला गेले.

त्यानंतर चार महिने दर रविवारी सकाळी मी दुकानात. काउंटरमागं एक जुना लॅपटॉप होता, फक्त मोडण्यासाठी. मी एखादा प्रोग्रॅम कमीत कमी परवानग्यांवर चालवायचा, चाचांनी त्यात घुसून दाखवायचं. अडले की मी मोबाइल काढायचे. ते तो ड्रॉवरमध्ये टाकायचे. "मॅन्युअल मशीनमध्येच आहे. आधी ते वाच." ते रुक्ष मॅन्युअल, पण मोडलेलं मशीन समोर असलं की त्यातली ओळ न् ओळ कळायची. मग छत्तीस पीडीएफही पुन्हा उघडल्या. तीन उत्तम निघाल्या, बाकीच्या एकमेकींची नक्कल. मध्येच गिऱ्हाईक यायचं. दोन गॉगल मीही विकले.

"प्रोग्रॅमला गरज काय ते बघ," चाचा म्हणायचे. "तेवढीच इजाजत." बारा वर्षांत मी ते एकदाही पाहिलं नव्हतं, याची तेव्हा मनापासून लाज वाटली.

मी आमचं सॉफ्टवेअर तसं बदललं. पुढं काही महिन्यांनी एका लॅबच्या सर्व्हरवर, रिपोर्ट अपलोड करायच्या वाटेनं, खरंच कुणीतरी शिरलं. लॉगमध्ये, म्हणजे मशीन स्वतः ठेवतं त्या नोंदींत, सगळं दिसत होतं. गडी तासभर फिरला, पानंच्या पानं परवानगी नाकारली गेली, कंटाळून निघून गेला. पेशंटचा एकही रिपोर्ट हलला नाही.

मी धावत साहेबांकडे गेले, म्हटलं सगळ्यांची मीटिंग घेऊ या.

"म्हणजे काही झालं नाही ना?"

"नाही!"

"मग मीटिंग कशाला?"

लॉगचे कागद घेऊन मी चाचांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवत सावकाश, चवीनं वाचलं. "बिचाऱ्यानं मेहनत केवढी केली," म्हणून इतके हसले की फ्रेम बघणाऱ्या बाई दचकल्या. तिसऱ्या पानावर मात्र बोट थांबलं.

"बेटा, हे फोल्डर उघडं का ठेवलंस?"

मी वाकून बघितलं. त्या एका ओळीत नकार नव्हता. खरंच उघडं होतं.