चोवीस दाणे

“हे मेले म्हणता?” शोभाताईंनी ओल्या कागदातला एक मूग उचलून माझ्या नाकासमोर धरला. “मंग सडले कावून नाई?”

अकोल्याच्या एका बीज परीक्षण लॅबमध्ये मी वीस वर्षं अ‍ॅनालिस्ट आहे. म्हणजे बी जिवंत आहे की मेलेलं, हे सांगायचा पगार घेतो. घरी मात्र फ्रिजमधल्या कोथिंबिरीबद्दलही माझं मत कोणी विचारत नाही.

शोभाताई भातकुलीकडच्या महिला गटाच्या अध्यक्ष. गटानं पहिल्यांदाच मुगाचं बियाणं तयार केलं होतं. शंभरातले पंच्याहत्तर दाणे पास झाले, तर माल बियाणं म्हणून जाणार. नाही तर सरळ डाळमिलमध्ये. माझ्या रिपोर्टात उगवलेले साठ होते, सडलेले सोळा. उरलेले चोवीस मी ‘मृत’च्या रकान्यात टाकून खाली झोकदार सही केली होती.

“ताई, आठवडाभर ओल्यात ठेवले. फुगले नाहीत, मोड नाही.”

“मेलेलं ओल्यात वास मारते, साहेब. हे तं टणक हाय.”

“खडाही सडत नाही.”

“मंग खडा लिवा ना. मेलेला हाय का खडा, एक काय ते लिवा.”

मेलेलं म्हणजे आधी जिवंत असलेलं. खडा कधीच जिवंत नव्हता. माझ्या मुलीच्या शाळेच्या पुस्तकात सजीवांची यादी आहे: हलतो, खातो, वाढतो, श्वास घेतो. कोठीतलं बी पहिल्या तिन्हींत नापास. चौथं तेवढं करतं, तेही इतकं हळू की कोणाला पत्ता लागत नाही.

मी दाणा नखानं दाबला. मेलेला दाणा दाबला की पिचतो, आतून पाणी येतं. इथं माझं नखच वाकलं. हे मी सही करण्याआधी करायचं असतं. पण आमच्याकडे वर्षभर सोयाबीन येतं, आणि ते उगवलं नाही तर बहुतेक मेलेलंच असतं. हात सवयीनं चालला. डोकं त्या दिवशी यादीतलं काहीच करत नव्हतं.

हे होते कोरडू मूग, उसळीत दाताखाली येतात ते. साल पाणी आत घेत नाही, एवढंच.

चोवीस दाण्यांना ब्लेडनं चिरा दिल्या, भिजवले, मग टेट्राझोलियममध्ये ठेवले. हे बिनरंगी औषध असतं. आतला जीव श्वास घेत असेल तर दाणा लाल होतो. दुसऱ्या दिवशी तेवीस लाल.

डिश घेऊन मी इन्चार्ज मॅडमकडे गेलो.

“तुमच्या खुर्चीमागे काय टांगलंय?” त्यांनी विचारलं.

“नियमांचा तक्ता.”

“मुगाची ओळ वाचली?”

मुगात टणक बी, आत काय आहे ते न बघता, सरसकट पास झालेल्यांतच धरायचं, असं तिथं स्वच्छ लिहिलं होतं. तक्ता मीच टांगला होता. खिळासुद्धा मीच ठोकला होता.

साठ अधिक चोवीस, चौऱ्याऐंशी. जुन्या रिपोर्टावर स्वतःच्या हातानं ‘रद्द’ लिहिलं आणि नवा शोभाताईंना दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी करून पिशवीत ठेवला.

“आन् ते चोवीस दाने? द्या वापस, पेरतो.”

“ते आता नाही उगवणार. चिरलेत, औषधात बुडवलेत.”

“म्हंजे जिते हायेत का, हे पाह्यासाठी मारले?”

“हो.”

“बरं झालं, पोतंभर नाई तपासलं.”

तेव्हापासून ‘मृत’ लिहिण्याआधी मी प्रत्येक दाणा दाबून बघतो. चूक एवढीच झाली की ही गोष्ट घरी सांगितली. आता रविवारी दुपारी मी सोफ्यावर आडवा झालो की बायको माझा दंड बोटानं दाबते आणि मुलीला सांगते, “आहे. कोरडू आहे.”