बरंमगबाईंची रिक्षा-परीक्षा

बाईंना काहीही सांगितलं तरी त्या आधी ‘बरं’ म्हणत आणि मग ‘मग?’ म्हणत. या दोन शब्दांच्या मध्ये त्या एक श्वास घेत, आणि तेवढ्यात समोरच्याचा आत्मविश्वास निघून जाई. इंग्रजीच्या आमच्या एका सरांनी लग्न ठरल्याचे पेढे वाटले. बाईंनी पेढा चवीनं खाल्ला आणि म्हणाल्या, “बरं, मग?” सर आधी हसले. मग लग्नानंतर राहणार कुठे, एका खोलीत आई कुठे झोपणार, हे त्यांचं त्यांनाच सांगावं लागलं, आणि सांगता सांगता चेहरा असा उतरत गेला की उरलेले पेढे त्यांनी झाकण लावून परत नेले. लग्न झालं, पण बरंच उशिरा. पाठीमागे सगळे बाईंना ‘बरंमगबाई’ म्हणत. हे नाव मी ठेवलं असं कॉलेजात बोललं जाई. मी ते कधी नाकारलं नाही, कारण माझ्या नावावर जमा असलेलं ते तेव्हापर्यंतचं एकमेव मूळ संशोधन होतं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मीरा रोडला इमारती आधी उगवत होत्या आणि रस्ते, दिवे, पाणी मागाहून सवडीनं यायचं ठरलं होतं. आमचं कॉलेजही तसंच, एका इमारतीच्या दोन मजल्यांवर. खाली फर्निचरचं दुकान, त्यामुळे समाजरचना शिकवताना तळातून कपाटं ठोकल्याचे आवाज येत. समाजशास्त्राच्या विभागात आम्ही दोघं होतो. बाई विभागप्रमुख, आणि विभाग म्हणजे मी.

मी इथल्याच राई गावचा. घरचे पूर्वी मिठागर आणि भातशेती करणारे. पदवी घेऊन नोकरीला लागलेला घरातला पहिलाच, म्हणून मी बोलताना फार जपून बोलत असे, आणि लिहिताना त्याहून जपून, म्हणजे कुणालाही काही कळणार नाही असं. बाई नांदेडच्या. वडील रेल्वेत रुळांवर काम करणारे. त्यांनाही ही भीती माहीत होती, पण त्यांनी उलटा धडा घेतला होता. “आपल्या आईला कळत नाही ते आपल्यालाबी कळलेलं नसतंय,” असं त्या म्हणत. एरवी त्यांचं मराठी इस्त्रीचं असे. राग आला की त्यातून नांदेड डोकावे.

माझी नेमणूक हंगामी होती. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, की नागपूरला समाजशास्त्राची परिषद भरतेय, तिथं निबंध वाचलात तर जूनमध्ये कायम करण्याचा विचार करता येईल. नाही वाचलात तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही, नुसतं पंख्याकडे पाहिलं. परिषदेत निबंध वाचायचा तर आधी अडीचशे शब्दांचा प्रस्ताव पाठवायचा आणि तो मंजूर व्हावा लागायचा. म्हणजे माझी नोकरी, आणि नोकरी नाही म्हणून अडलेलं माझं लग्न, हे सगळं एका पानावर येऊन बसलं होतं.

मी झपाटल्यासारखा लिहायला बसलो. विषय घेतला ‘महानगरीय परिघावरील बदलती मूल्यव्यवस्था’. बाईंनी पान वाचलं, चष्मा काढला, पुसला.

“बरं, मग?”

मी अर्धा तास बोललो. बाई ऐकत होत्या. मी थांबलो की त्या पुन्हा तेच विचारत. शेवटी म्हणाल्या, “चल, खाली. रिक्षा-परीक्षा.”

ही त्यांची पद्धत होती आणि ती जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. स्टेशनजवळून काशीमीऱ्याला शेअर रिक्षा जात. रिक्षात बसायचं आणि हायवे येईपर्यंत आपला प्रस्ताव सहप्रवाशांना सांगायचा. कुणी उलटा प्रश्न विचारला किंवा भांडायला उठला तर प्रस्ताव पास. कुणी जांभई दिली की फाडून टाकायचा. रिक्षाचं भाडं ज्याचं त्यानं द्यायचं. नापास झालं तरी.

मी पुढे रिक्षावाल्याला चिकटून बसलो आणि जमेल तेवढ्या शुद्ध हिंदीत मूल्यव्यवस्था मांडली. मागे बसलेल्या एका गृहस्थाला पेणकर पाड्याच्या आधीच डुलकी लागली. रिक्षावाल्यानं मात्र मान डोलवत सगळं ऐकून घेतलं. मला आशा वाटली. मग तो म्हणाला, “साहब, ये सब तो ठीक है। उतरना किधर है?”

“बघ,” बाई मागून म्हणाल्या, “त्यानंही तेच विचारलं.”

असे माझे तीन प्रस्ताव त्या रस्त्यावर गेले. त्या लाईनचे रिक्षावाले मला ओळखायला लागले. मला पाहून एकानं आपली रिक्षा पुढे घेतली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

चौथा विषय मला सापडला असं मी पुढे नागपुरात सांगितलं. खरं म्हणजे तो माझ्या पायावर पडला. बाई पूनम सागर कॉलनीत राहत. रविवारी सकाळी मी माझं रडगाणं घेऊन गेलो तर बाई घरी नाहीत. त्यांचे मिस्टर टेलिफोन खात्यात होते, अतिशय शांत गृहस्थ. इतकी वर्षं त्या प्रश्नासमोर कसं टिकता, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले होते, “सोपं आहे. ‘काही नाही’ म्हणायचं आणि चहा टाकायचा.” त्या दिवशी त्यांनी बोटानं खिडकीबाहेर दाखवलं. खाली पाण्याचा टँकर आला होता आणि समाजशास्त्राच्या विभागप्रमुख पदर खोचून दोन बादल्या घेऊन रांगेत भांडत होत्या. मी मदतीला धावलो, आणि कुणाचा तरी भरलेला हंडा माझ्या पायावर आला.

पाय धरून मी तिथंच कट्ट्यावर बसलो, आणि ऐकू लागलो. रांगेत कोकणी, मारवाडी, गुजराती, मल्याळी, यूपीचे, सगळे होते. आणि सगळे भांडत होते हिंदीत. बाईसुद्धा, आणि त्यांचं हिंदी पाण्यापेक्षाही तोकडं. पण भांडण मिटलं, की ‘घ्या वहिनी, तुमची बादली आधी भरा’ हे मात्र जो तो आपापल्या भाषेत म्हणे, समोरच्याला कळो न कळो.

घरी जाऊन आईला सांगितलं, की मी आता दर रविवारी त्या रांगेत उभा राहणार. आई माझा पाय चोळता चोळता परसातल्या विहिरीकडे बघून म्हणाली, “आपले बावीला पानी हाय, नि तू लोकांचे लायनीन उभा ऱ्हाणार. शिकून असा व्हतं काय?” मला पहिल्यांदाच वाटलं, की ‘बरं, मग?’ हा प्रश्न नांदेडहून आलेला नाही, तो आमच्या राईतही पूर्वापार असावा.

काही रविवार रांगेत काढून मी नवा प्रस्ताव लिहिला. बाईंनी वाचला. ‘टाईप करून घे’ एवढंच म्हणाल्या. मी जिंकलो होतो. आणि जिंकलेला माणूस जे करतो तेच मी केलं, म्हणजे घाण.

मराठी टाईपरायटर असलेला एक टायपिस्ट काशीमीऱ्याला, गॅरेजांच्या रांगेत बसे. अर्ज लिहून घेणारे ट्रकवाले हे त्याचं मुख्य गिऱ्हाईक. त्याच्यासमोर स्टुलावर बसल्यावर मला आपला प्रस्ताव फारच साधा वाटू लागला. नागपूरचे विद्वान काय म्हणतील, या धास्तीनं मी आयत्या वेळी सुरुवातीला एक वाक्य घातलं: ‘प्रस्तुत निबंध जलवंचनेच्या भाषिक द्वंद्वात्मकतेचा बहुपेडी वेध घेऊ पाहतो.’ टायपिस्टनं दोनदा विचारलं, हे नक्की अर्जात बसतं का. मग त्याच चालीवर प्रत्येक परिच्छेदाला एकेक झालर लावली. बाईंना सांगणार नव्हतोच. पाकीट बंद करून थेट पोस्टात टाकायचं, असा बेत होता. शेवटचा दिवस होता. त्या दिवशी स्पीड पोस्टानं गेलं तरच वेळेत पोचणार होतं.

बाहेर पडतो तो समोर बाई. त्यांचा भाऊ नांदेडला निघाला होता. हायवेवरून त्याची ट्रॅव्हल्सची बस होती, त्याला प्रवासाचा डबा द्यायला त्या आल्या होत्या. डबा दिला, भावानं ‘जय भीम’ घातला, बस गेली. रिकामी पिशवी घडी करून काखेत मारत बाई म्हणाल्या, “झालं टाईप? दाखव.”

मी म्हणालो, पाकीट डिंकानं चिकटवलंय.

“बरं,” बाई म्हणाल्या. पुढचं ‘मग?’ आलंच नाही, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. “रिक्षात सांग. शेवटची परीक्षा.”

परतीच्या रिक्षात मागे बाई, एक गुजराती बेन आणि एक मल्याळी नर्स. मी पुढे, रिक्षावाल्याच्या शेजारी अर्ध्या मांडीवर. हातात धरायला जागा नव्हती म्हणून पाकीट मागच्या सीटच्या पाठीमागच्या फळीवर ठेवायला मागे दिलं, आणि सांगायला लागलो. जलवंचना बिलवंचना रिक्षात सांगायची माझी हिंमत नव्हती. सरळ म्हणालो, लोक टँकरवर हिंदीत भांडतात, कारण ती तिथं कुणाच्याच आईची भाषा नाही, म्हणून शिवी लागत नाही.

रिक्षावाल्यानं रिक्षाच बाजूला घेतली. “ऐसे कैसे साहब? हमारी तो घर में भोजपुरी है। असली झगड़ा हम भोजपुरी में करते हैं। हिंदी में तो खाली किराये की बात होती है।” बेन म्हणाली, “झगडो हिंदीमां, हिसाब गुजरातीमां.” नर्स इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, मी मल्याळममध्येच भांडते, पण मनातल्या मनात. बाई काखेतली पिशवी सावरत होत्या. मागून हॉर्न वाजायला लागले तेव्हा रिक्षा सुटली, आणि स्टेशनला उतरूनही आम्ही रस्त्यात उभे राहून वाद घालत होतो. माझा प्रस्ताव विशेष प्रावीण्यासह पास झाला होता.

रिक्षा वळून निघून गेली, आणि मला पाकीट आठवलं.

मी रिक्षामागे धावलो. सगळ्या रिक्षा सारख्याच दिसतात, हे तिथं राहून इतक्या वर्षांत मला कळलं नव्हतं. परत आलो तो घामानं निथळत. आता नागपूर नाही, जून नाही, आईनं पाहून ठेवलेली वसईची मुलगीही नाही. मी फुटपाथवर बसकण मारली.

“रडायलास काय?” बाई म्हणाल्या. “ऊठ. पोस्ट बंद व्हायला वेळ आहे.”

त्यांच्या पर्समध्ये परीक्षेच्या पुरवण्या कायम असत. पोस्टातल्या त्या डिंक सांडलेल्या टेबलावर त्यांनी माझ्यापुढे एक पुरवणी ठेवली आणि पेन दिलं. मी ते भारी वाक्य आठवू लागलो. आठवेना. ‘बहुपेडी’ आठवलं, पण कशाला बहुपेडी ते आठवेना. मी म्हणालो, “बाई, सगळं गेलं. रिक्षात बोललो तेवढंच आठवतंय.”

“तेवढंच लिही. आठवत नाही ते नव्हतंच.”

मी लिहिलं. अडीचशे शब्दही भरले नाहीत. भोजपुरीचा रिक्षावाला, बेनचा हिसाब, नर्सचं मनातलं भांडण, सगळं आलं. टाईप केलेलं नाही म्हणून ते केराच्या टोपलीत जाणार, याची मला खात्री होती. बाईंनी ते पान एकदा वाचलं आणि काहीही न विचारता खिडकीत दिलं. या खेपेला ‘टाईप करून घे’सुद्धा म्हणाल्या नाहीत.

पोस्टकार्ड आलं: प्रस्ताव मंजूर. नागपूरला दुपारच्या जेवणानंतरच्या सत्रात मी वाचला, आणि सभागृहात कुणी झोपलं नाही. निबंध संपल्यावर विद्वान मंडळी आपापसात भांडू लागली, हिंदीत नव्हे, अस्सल नागपुरीत. जूनमध्ये मी कायम झालो. वसईची मुलगीही आली. मी बाईंना पेढे द्यायला गेलो ते त्यांच्या मिस्टरांच्या हातात देऊन पळालो. प्रश्नाला थांबलो नाही.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा दशक संपत आलं होतं. निरोप समारंभात मी भाषण केलं, लांबलचक, झालर लावलेलं. उत्तराला बाई उभ्या राहिल्या. माझ्याबद्दल बरं बोलल्या, आणि शेवटी माझ्याकडे बोट दाखवून मुलांना म्हणाल्या, “लिहायला बसलात की म्हात्रे सरांचं एक वाक्य ध्यानात ठेवा, आणि तसं कधी लिहू नका. ‘प्रस्तुत निबंध जलवंचनेच्या भाषिक द्वंद्वात्मकतेचा बहुपेडी वेध घेऊ पाहतो.’”

सगळे हसले. मीही हसलो. मग माझं हसू तोंडातच राहिलं. ते वाक्य मी जन्मात कुणाला दाखवलं नव्हतं. ते फक्त टायपिस्टनं पाहिलं होतं, आणि ते होतं त्या पाकिटात. आणि माझ्या डोळ्यांसमोर आली ती बाईंच्या काखेतली रिकामी पिशवी.

बाई नांदेडला कायमच्या निघाल्या त्या काशीमीऱ्याहूनच. मी सामान चढवायला गेलो होतो. मिस्टर आधीच आत जाऊन बसले होते. बाई खिडकीशी बसल्या. मागे ट्रक ओरडत होते, बसवाला घाई करत होता. मला आयुष्यात याहून महत्त्वाचं काही विचारायचं नव्हतं.

“बाई,” मी म्हणालो, “त्या दिवशी रिक्षातून माझं पाकीट तुम्हीच उचललंत.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माझ्याकडे नीट पाहिलं.

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि एक श्वास घेतला. “मग?”

बस हलली. त्यांच्या पलीकडून मिस्टर माझ्याकडे पाहून ओठ हलवत होते, वर्गात कॉपी पुरवावी तसे. मला कळलं.

“काही नाही, बाई,” मी म्हणालो.